लाईन नसलेला माळ

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

ही वही खात्याची आहे. रिटायर झालो तेव्हा खणात कोरी पडली होती, टाकवेना म्हणून घरी आणली. प्रत्येक पानावर चार रकाने छापलेले आहेत: वेळ, फॉल्ट, कारण, उपाय. वीज खात्यात चौतीस वर्षं लोकांच्या घरातले फॉल्ट लिहिले. आता स्वतःबद्दल लिहायचं तर रकाने आडवे येतात, पण मी रेघा ओलांडून लिहिणार आहे. रिटायर माणसाला एवढी मुभा असावी.

तर आज चंदनाला सांगून टाकलं. तवंदी घाटाच्या अलीकडे आमचा तीन एकर माळ आहे. वडिलांनी घेऊन ठेवला, कुणी कधी कसला नाही. बाभळी, घाणेरी आणि खडक. तिथे एकेका खोलीची तीन घरं बांधायची. तीन कुटुंबं राहतील. वीज उन्हाची, स्वयंपाकघर सगळ्यांचं एकच, खात्याची लाईन घ्यायची नाही. सर्वांत जवळचा खांब दीड किलोमीटरवर आहे. तो मीच उभा केलेला, पण त्याच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही.

चंदना भाकरी थापत होती. म्हणाली, "जन्मभर लोकास्नी लाईट दिलासा, आन् आता आपल्याच घरात नको म्हणतासा?"

"म्हणूनच की. आतनं म्हाईत हाय मला सगळं."

"पाणी कुठलं तिथं?"

"बघू की त्ये."

"आधी पाणी बघा," म्हणाली आणि भाकरी उलटली.

मी तिला सौर पॅनेलचं चित्र दाखवलं. तिने हात पुसून ते नीट पाहिलं. येणार ना, विचारलं तर "बघू" म्हणाली. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात तिच्या 'बघू'चा अर्थ मला लागलेला नाही. तिच्याशिवाय मी त्या माळावर राहणार नाही, हे मात्र पक्कं. तिला हे सांगितलं नाही, उगाच भाव खाईल.

१३ ऑक्टोबर, रविवार

काल दसरा झाला, आज चंदनाला माळ दाखवला. स्कूटरवरून गेलो. मी घरांच्या जागा पावलांनी मोजून दाखवल्या, पॅनेल कुठे, टाकी कुठे, सगळं. ती मात्र कोपऱ्यातल्या जुन्या पडक्या विहिरीपाशीच उभी राहिली. कठड्याचे दगड ढासळलेत, आत झुडपं माजलीत.

"ही चालू हाय?" तिने विचारलं.

"कुठली चालू! गाळानं भरलीया. आपण बोअर मारणार. बटण दाबलं की पाणी टाकीत."

"बरं," म्हणाली. तरी वाकून आत बघत राहिली. मी दंडाला धरून मागे ओढली. बिचारी घाबरली असणार, लहानपणी तिच्या गावात कुणी विहिरीत पडलं होतं म्हणे.

ती घर सोडून कुठे रमतच नाही. पुण्याला लेकीकडे, प्रियदर्शनीकडे, एवढा अकराव्या मजल्यावरचा ऐसपैस फ्लॅट, पण तिसऱ्या दिवशी हिची परतायची घाई. मंदिराची सवय, दुसरं काय. निपाणीत रोज सकाळी पितळी लोटी घेऊन मंदिरात गेल्याशिवाय तिचा दिवस उगवत नाही. अभिषेक चुकला म्हणून जीव लागत नसावा.

२७ ऑक्टोबर, रविवार

माणसं जमली! भावकू गवंडी आणि त्याची बायको नागुबाई. येळ्ळूरची. माझी बेळगावला बदली होती तेव्हा टिळकवाडीत आमच्या शेजारचा बंगला भावकूने बांधला. तेव्हापासून तो मला अण्णा म्हणतो आणि माझं काहीही ऐकून घेतो. पोरं नोकरीला लागली, घर आता त्यांच्या ताब्यात, म्हणून ही दोघं मोकळी. भावकूची एकच अट, सीमाभागात दुसरी कुठली असणार: पाटी मराठीत हवी. मी म्हटलं, पाटीच नको, भांडणच नको. तो म्हणाला, "पाटी नसली तर येळ्ळूरात काय तोंड दाखवू?" हा विषय लांबणीवर टाकला आहे.

दुसऱ्या घरात मालुबाई, बेळगावातल्या शहापूरच्या. नागुबाईंच्या मैत्रीण, एकट्याच आहेत. गल्लीतल्या घराच्या वाटण्या झाल्या आणि त्यांच्या हातमागाला जागा उरली नाही. मी विचारलं, इथे लाईट जेमतेम असेल, चालेल? तर हसल्या. "मागाला कुठं लाईट लागतोय? हातपाय लागत्यात." असा माणूस मला हवाच होता.

तिसरं घर आमचं.

१७ नोव्हेंबर, रविवार

बोअरला पाणी लागलं. भावकूचं घर जवळजवळ उभं राहिलं, सध्या मीही त्याच्याच पडवीत झोपतो आणि दोन-चार दिवसांनी निपाणीला जाऊन येतो.

आज नियम वाचून दाखवले. एकूण अकरा. नियम तिसरा: जेवण सूर्य मावळण्याआधी. आम्ही जैन तसेही तेव्हाच जेवतो, पण इथे कारण शास्त्रीय आहे, बॅटरी वाचते. नियम चौथा: सामाईक स्वयंपाकघरात कांदा, लसूण, बटाटा नाही, आणि बाकीचं तर नाहीच. नियम सातवा: सकाळी दहा ते चार सगळे फोन चार्जिंगच्या पेटीत, झाकण बंद. म्हणजे उन्हाची वीज उन्हातच वापरली जाते आणि माणसं एकमेकांशी बोलतात. कुणीही एका नियमाला हरकत घेतली नाही. भावकू प्रत्येक वेळी "व्हय अण्णा" म्हणाला. नागुबाई पदर तोंडाला लावून ऐकत होत्या, भारावल्यासारख्या.

भावकूला एक चांगली सवय आहे. दर रविवारी दुपारी नवराबायको झाकणाचं पातेलं घेऊन ओढ्याकडे फिरायला जातात. "हवा खाऊन येतो," म्हणतो. आज तिकडून भाजलेल्या खोबऱ्याचा, मसाल्याचा वास आला. पलीकडच्या वाडीत काहीतरी कार्य असावं.

८ डिसेंबर, रविवार

चंदना दुसऱ्यांदा आली. आमच्या घराचा पाया तिच्यासमोर भरला. स्वयंपाकाचा ओटा नसला तरी तिच्यासाठी खिडकीखाली एक कट्टा काढलाय, तिथून घाट दिसतो. छान आहे म्हणाली. मग नागुबाईंना घेऊन विहिरीकडे गेली. दोघींनी सुताच्या दोरीला दगड बांधून आत सोडला, वर काढला, ओली दोरी हाताच्या वितीने मोजली. किती धसका घेतलाय तिने! किती खोल आहे, पडलं तर काय होईल, हेच बघत असणार.

घरी जाताना मी म्हटलं, "काळजी करू नको. माझ्या लक्षात आलंय सगळं."

तिने एकदम माझ्याकडे पाहिलं. "आलंय?"

"व्हय तर. तू येण्याआधी बंदोबस्त करतो विहिरीचा."

स्कूटरवर मागे बसून तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. हायवे येईपर्यंत काढला नाही. फार बरं वाटलं. पाया खणताना निघालेला सगळा दगडमुरूम तिथेच ढीग घालून ठेवायला सांगणार आहे. विहीर बुजवून टाकायची.

२२ डिसेंबर, रविवार

आज या वहीचे रकाने रीतसर भरतो.

वेळ: संध्याकाळी पाच.
फॉल्ट: चंदना माळावर राहायला येते म्हणत नाही.
कारण:
उपाय:

बराच वेळ पेन घेऊन बसलो. लाईनवरचा फॉल्ट असता तर खांबावर चढलो असतो.

१५ जानेवारी २०२५, बुधवार

आमचं घर उभं राहिलं. कौलं चढली. पॅनेल बसवले, दुपारी बॅटरी शंभर टक्के भरली. मालुबाईंचा माग सुरू झाला, दिवसभर खटखट ऐकू येते. मला आवडते.

भावकूवर मात्र चिडलो. विहीर बुजवायचं सांगून महिना झाला. कधी म्हणतो ट्रॅक्टर नाही, कधी म्हणतो दगड ओला आहे. दगड ओला असला म्हणून काय बिघडतं? सरळ विचारलं तर डोकं खाजवत म्हणाला, "अण्णा, विहीर बुजवू नये असं वाटतंय बघा. एकदा वैनीस्नी इचारा की." मी म्हटलं, अरे, तिच्यासाठीच तर चाललंय. त्याने नागुबाईंकडे पाहिलं, त्यांनी मालुबाईंकडे. मालुबाई मागाचा धोटा हातात घेऊन उगाच त्याची कांडी बदलत बसल्या. माणसं आळशी झाली की एकमेकांकडे बघतात, हे खात्यात फार पाहिलंय.

६ फेब्रुवारी, गुरुवार

शेवटी मीच जेसीबी ठरवला. वाडीचा आण्णाप्पा सोमवारी सकाळी दहाला येईल, तासाभरात विहीर सपाट. फोन नंबर भावकूकडे आहे, वाट तोच दाखवेल. मी रविवारी संध्याकाळी निपाणीला जाणार, सोमवारी दुपारी चंदनाला घेऊन येणार आणि सपाट जमीन दाखवणार. त्यावर तुळस आणि जास्वंद लावू.

खरं सांगायचं तर मला आता भीती वाटते. घर झालं, वीज झाली, सगळं झालं. एवढं करूनही ती "बघू" म्हणाली तर मी काय करायचं? तिसऱ्या घरात कुणाला ठेवायचं? तिच्याशिवाय मला साधा चहाही नीट लागत नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज सकाळपासूनचं सगळं सलग लिहून काढतो.

सकाळी चंदनाचा गुडघा दुखत होता म्हणून मी मंदिरात सोडायला निघालो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. पितळी लोटी मी हातात घ्यायला गेलो तर म्हणाली, "नको, सांडंल." दर्शन घेतलं, आणि ती अभिषेकाच्या बाजूला न जाता मागच्या अंगणात गेली. मीही मागे गेलो.

मागे विहीर आहे. म्हणजे होती. अंगणात फरशी घालायचं काम निघालंय, विहिरीवर सिमेंटची लादी बसवलीय, कालच. चंदना लादीपाशी लोटी धरून उभी होती. मग तिने लोटीवर तळहात झाकला आणि इकडे तिकडे बघू लागली. वाट चुकलेलं माणूस बघतं तशी.

"काय झालं गं?"

"जिवाणी कुठं सोडू?"

मला आधी कळलंच नाही. जिवाणी म्हणजे काय ते माहीत आहे, लहानपणी आईच्या तोंडी ऐकलंय. प्यायचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचं, फडक्यात जे सूक्ष्म जीव राहतात ते गाळलेल्याच पाण्याने विसळून पुन्हा विहिरीत सोडायचे, जिथले तिथे. पण हे आपल्या घरात अजून चालतं, रोज चालतं, हे मला माहीत नव्हतं. मी गाळलेलं पाणी पीत आलो. फडक्याचं पुढे काय होतं हे विचारायची वेळ आली नाही.

"रोज यासाठी येत होतीस?"

"मग? नळाचं पाणी कुठनं येतंय कुणास दक्कल. निदान विहिरीत तरी सोडावं."

"आन् पुण्यात?"

"पुण्यात अकराव्या मजल्यावर काय करू? पाणी घशाखाली उतरत न्हाय माझ्या."

मग माझ्या डोक्यात एकेक दिवा लागत गेला. बोअरच्या पाइपात काही परत सोडता येत नाही. दगड बांधलेली ती दोरी. वितीने मोजणं. ती पाणी किती आहे ते बघत होती! आणि मी तिला म्हटलं होतं, माझ्या लक्षात आलंय. घड्याळात पाहिलं, दहा वाजून पाच मिनिटं.

भावकूला फोन लावला. एकदा उचलला नाही, दोनदा नाही. मग नियम सातवा आठवला. तिन्ही फोन पेटीत, झाकण बंद. नियम माझाच.

चंदनाला मागे बसवून निघालो. जेसीबीचं तिला निघतानाच सांगितलं. मी स्कूटर पळवली. तर मागून, "सावकाश! सांडंल."

"अगं, विहीर बुजंल तिकडं!"

"बुजू दे. ह्ये सांडाय नको."

बारा किलोमीटर मी बैलगाडीच्या चालीने गेलो. ट्रक हॉर्न मारत पुढे जात होते. आयुष्यात इतका लांब रस्ता मी पाहिला नाही. मागे ती एका हाताने लोटी छातीशी धरून, दुसऱ्याने झाकून बसली होती. मी मनातल्या मनात णमोकार मंत्र म्हणत होतो आणि मधेच आण्णाप्पाला शिव्या देत होतो. दोन्ही एकदम करू नये हे मला माहीत आहे.

माळावर पोचलो. जेसीबी विहिरीसमोर उभा, इंजिन बंद, आण्णाप्पा सावलीला चहा पीत होता. आणि विहिरीच्या ढासळलेल्या कठड्यावर नागुबाई आणि मालुबाई पाय खाली सोडून बसल्या होत्या, मांडीवर सुताच्या लडी. निवांत गुंता सोडवत होत्या.

आण्णाप्पा म्हणाला, "साहेब, ह्या बायका उठंनात. मी काय करू?"

नागुबाई म्हणाल्या, "उठतो की. अण्णा आले न्हवं, आता उठतो."

भावकू कुठे दिसेना. नंतर कळलं, तो स्वयंपाकघरामागे लपला होता. मला तोंड द्यायला नको म्हणून.

चंदना उतरली. लोटी भरलेली तशीच. तिने कमरेच्या पिशवीतून दोन बारीक दोऱ्या काढल्या. लोटीच्या तळाला बाहेरून एक कडी आहे, ती मी इतकी वर्षं पाहत आलो, कशासाठी ते विचारलं नाही. एक दोरी लोटीच्या गळ्याला, दुसरी तळाच्या कडीला. लोटी हळूहळू खाली गेली, झुडपांमधून, खाली पाण्याला टेकली, तेव्हा तिने कडीची दोरी ओढली आणि लोटी अलगद कलंडली. आवाजसुद्धा झाला नाही. जेसीबीवाल्यानेही कप खाली ठेवला होता.

मी नागुबाईंना विचारलं, तुम्हाला सगळं माहीत होतं? त्या म्हणाल्या, "चंदनाक्का म्हणाल्या, त्येंचं एवढ्या हौसंनं चाललंय, मी मोडता घालत न्हाय. म्हणून आमी नुसतं बसलो."

मग चंदनाला विचारलं, मला का सांगितलं नाहीस? जरा रागावूनच विचारलं. रडू येत होतं म्हणून राग आणला.

"सांगितलं की," ती दोरी गुंडाळत म्हणाली. "पैल्याच दिवशी. आधी पाणी बघा म्हटलं."

११ फेब्रुवारी, मंगळवार

नियम सातवा रद्द.

९ मार्च, रविवार

बारा दिवस गाळ काढला. आण्णाप्पाचा जेसीबी वरून, भावकू आणि मी दोरीने आत. चंदना येऊन बसायची, आत झुडूप तोडताना पक्ष्याचं घरटं असलेली फांदी तेवढी ठेवायला लावली. भावकूने कठडा नव्याने बांधला, लाल दगडात. मी म्हटलं, माफ कर, तुला आळशी म्हटलं. तो म्हणाला, "अण्णा, मला तर लपून बसायचंच काम हुतं. आयुष्यात एवढं सोपं काम घावलं न्हवतं."

कठड्याच्या एका दगडावर त्याने चोरून नाव कोरलंय, 'चंदनाची विहीर', मराठीत. म्हणजे पाटीचा प्रश्न त्याने माझ्या नकळत मिटवला.

मालुबाईंनी गाळायला फडकं विणलंय, दाट, पांढरं, एका काठाला बारीक लाल रेघ. "साड्या लई विणल्या," म्हणाल्या, "पाण्यासाठी पैल्यांदाच."

पाणी स्वच्छ आलंय. चंदनाने ओंजळीत घेऊन बघितलं. मी विचारलं नाही येणार का म्हणून. धीरच झाला नाही.

२३ मार्च, रविवार

सकाळी निपाणीहून टेम्पो आला. त्यात दोन ट्रंका, पोळपाट, पाट्याचा दगड, देवाचा लहान पाट आणि पितळी घागरी. टेम्पोवाल्याशेजारी चंदना बसली होती, मांडीवर रिकामी लोटी. मला कळवलंही नव्हतं. उतरल्यावर पहिलं वाक्य, "फडकं वाळत घालायला खिळा कुठं हाय?"

खिळा नव्हता. एवढी वीज, एवढी वायरिंग, आणि खिळा नाही. धावत जाऊन ठोकला.

मग तिने विहिरीतून पाणी शेंदलं, गाळलं, आणि लोटीतली जिवाणी सोडायची वेळ आली तेव्हा दोरी माझ्या हातात दिली. मी म्हटलं, मला येत नाही. "शिका की. माझा गुडघा काय बरा व्हणार न्हाय." मी सोडायला लागलो. "हळू. आदळू नका. घर हाय त्येंचं." मी खांबावर चढून तारा जोडल्यात, पण इतका जपून हात कधी चालवला नव्हता. लोटी टेकली, कडी ओढली. कलंडली. ती म्हणाली, "जमलं," आणि पुढे म्हणाली, "चला, च्या ठेवतो आपल्या घरात."

आपल्या घरात म्हणाली. मी ऐकलं.

दुपारी भावकू आणि नागुबाई नेहमीप्रमाणे पातेलं घेऊन ओढ्याकडे निघाले. मी म्हटलं, आज तरी इथेच जेवा आमच्याबरोबर. भावकू म्हणाला, "नको अण्णा, तिकडची हवा बरी असती." चंदना तोंड फिरवून हसली. का ते कळलं नाही, पण ती इथे आल्यापासून सारखीच हसते आहे.

आत्ता मागचं पान उलटून २२ डिसेंबरचे रिकामे रकाने भरले.

कारण: तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मी चित्र दाखवत बसलो.
उपाय: विहीर.

बाहेरून तिची हाक आली. ऊन उतरलंय, पानं वाढलीत. जेवायला जातो.